जाजमाचा लाल

अप्पांचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा झाला होता आणि अप्पा शहात्तर वर्षांचे. सकाळी कामाला लागायला दोघांना सारखाच वेळ लागायचा. बटण दाबून अप्पा कॉफी प्यायला जायचे, पेपर खिडकीपाशी उजेडात धरून वाचायचे, अंगणातल्या तुळशीला पाणी घालून परत यायचे, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरणं चालूच असायचं. मी चिडवायचे, "अप्पा, दोघांच्याही गुडघ्यांना तेल लावू या." त्या वर्षी दसऱ्याच्या महिनाभर आधी मात्र त्यांची फाईल उघडेनाशीच झाली. अर्धी वेल दिसायची आणि सगळं गोठायचं. दोन दिवस अप्पा त्या अर्ध्या वेलीसमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मग मलाच राहवेना.

ती फाईल म्हणजे आमच्या घरातलं शेवटचं जाजम. आम्ही मूळचे रंगारी. म्हैसूरच्या मुलखात येऊन किती पिढ्या झाल्या हे आता कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी राहिली, तीही निम्मी कन्नड होऊन. आजोबांची भट्टी कृष्णराजनगरात होती, कावेरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे जाजमं छापली जायची. अप्पा वीस वर्षांचे असताना भट्टी बंद पडली, ते शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले आणि ठसे कुठे कुठे गेले. राहिले दोन ठसे आणि जाजमाची हातभर पट्टी, तीही कसरीनं खाल्लेली आणि धुऊन धुऊन विटलेली. निवृत्त झाल्यावर अप्पांनी त्या पट्टीवरून अख्खं जाजम कॉम्प्युटरवर काढायला घेतलं. वेली, कोयऱ्या, पोपट, चारी कोपऱ्यांतली कमळं, सगळं झालं. पण लाल राहिला.

"वेल काय, कुठल्याही पुस्तकात सापडेल," अप्पा म्हणायचे. "लाल नाही सापडायचा. तो बघितलेला आता मी एकटाच उरलोय, पुट्टी."

पुट्टी म्हणजे मी. पंचेचाळीस वर्षांची, एका सॉफ्टवेअर ऑफिसात दहा माणसांना कामाला लावणारी, आणि घरी अजून छोटी मुलगी.

त्या लालाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली आहे. कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळसर करायचं, त्यावर तुरटीच्या खळीचे ठसे मारायचे, नदीत धुवायचं. तोवर लाल कुठेच नाही. मग तांब्याच्या हंड्यात अलिझरीन, म्हणजे लाल रंगाची पूड, घालून कापड उकळायला टाकायचं, आणि उकळी फुटली की जिथे तुरटी लागलीय तिथे तिथे लाल वर यायचा. हे सांगताना अप्पा हंड्यात डोकावल्यासारखे पुढे वाकतात. तो लाल कुठल्याही फोटोत नाही. पट्टीवर आहे तो त्याचा साठ वर्षांनंतरचा चेहरा. मूळचा होता तो फक्त अप्पांच्या डोळ्यांसमोर, आणि कॉम्प्युटरमधल्या लाल, हिरवा, निळा यांच्या तीन आकड्यांत तो एकदा पकडून ठेवायचा, मग काही झालं तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं होतं. आई म्हणायची, "सुम्मने, उगीच काही तरी बोलू नका." पण ते गंमत करत नव्हते.

मी यादी करायला बसले. मला कॉम्प्युटर जोडता येतो. निदान येतो असा माझा पक्का समज आहे. कमी खर्चात बसवायचं म्हणून तीन संध्याकाळी वाचून काढलं, नेटवरची लोकांची भांडणं वाचली, आणि एक सुंदर तक्ता करून अप्पांपुढे ठेवला. अप्पांनी खिशातली मास्तरकीची पेन्सिल काढली.

"हे ग्राफिक्स कार्ड काय करतं?"

"चित्रं भराभर दाखवतं. गेम खेळणाऱ्यांना लागतं."

"खेळणार कोण? तुझी आई?"

गेलं ग्राफिक्स कार्ड. खरं तर बरोबरच होतं. प्रोसेसरमध्येच चित्रापुरती सोय असलेला घेतला की वेगळं कार्ड लागत नाही, हे मी स्वतःच वाचलं होतं, पण हौस सुटत नव्हती. कॅबिनेट जुनंच ठेवायचं ठरलं, कीबोर्ड आणि माऊसही. रॅम भरपूर, कारण फाईल मोठी. जुनी फिरती हार्ड डिस्क साठवणीला ठेवून नवी एसएसडी. मदरबोर्ड साधा, पण पुढे रॅम वाढवायला जागा असलेला. अप्पा प्रत्येक ओळीला "हे काय करतं" विचारायचे आणि मला सोप्या मराठीत सांगता आलं नाही की ती ओळ खोडायचे. यादी झटकन निम्मी झाली. सगळ्यात शेवटी मॉनिटर होता.

"हा दुकानात बघून घ्यायचा," अप्पा म्हणाले. "रंग कागदावर वाचून घेत नाहीत."

इथे म्हैसुरात देवराज मार्केटच्या मागे एका पहिल्या मजल्यावर सुटे भाग विकणारं दुकान आहे. दुकानदार पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पॉवर सप्लाय दाखवा म्हटल्यावर त्याने दोन खोकी ठेवली. दोन्हींवर वॅटचा आकडा तोच. एक बरंच स्वस्त होतं आणि मी तेच उचलणार होते. अप्पांनी दोन्ही बाहेर काढायला लावले, एक एका तळहातावर, एक दुसऱ्यावर, आणि डोळे मिटून उभे राहिले. रंगाचे डबे विकत घेताना आजोबा असंच करायचे म्हणे. भेसळीचा डबा हातात कळतो.

"हे हलकं आहे," अप्पा म्हणाले. "आत ऐवज नाही."

दुकानदार हसला. म्हणाला, बरोबर आहे सार, स्वस्तात तांबं कमी घालतात, वर आकडा मात्र मोठा छापतात, ताण आला की जळतं. मी तीन संध्याकाळी वाचून जे मला कळलं नव्हतं ते अप्पांनी दोन तळहातांत सांगितलं. मला इतका अभिमान वाटला की पुढे मॉनिटरच्या वेळी मी नेमकं त्याच्या उलट का वागले हे मला आजही सांगता येत नाही. दुकानातले मॉनिटर मला महाग वाटले. ऑनलाइन दसऱ्याचा सेल लागला होता, शेकडो लोकांनी चांगला म्हटलेला एक मॉनिटर बराच स्वस्त मिळत होता. अप्पा म्हणाले, "बघितल्याशिवाय नको गं." मी म्हणाले, "तुम्हाला यातलं कळत नाही." आणि घरी येऊन मागवून टाकला.

खोकं तीन दिवसांत आलं. मी कात्री घेतली, तर आई आडवी आली.

"बेड, नको! आयुधपूजा तोंडावर आलीय. अगोदर पूजा, मत्ते मग उघडायचं. नवं आयुध पूजेआधी कोण वापरतं?"

आमच्याकडे हा नेम आहे. आयुधपूजेला घरातलं झाडून सगळं पूजेला बसतं: विळी, शिलाई मशीन, अप्पांची स्कूटर, आणि ते दोन लाकडी ठसे. नवी वस्तू असेल तर ती त्या दिवशी पूजेची, आणि उघडायची विजयादशमीला. म्हणून आमची खोकी पाटावर एकावर एक रचली गेली. प्रोसेसर, रॅम, बोर्ड, पॉवर सप्लाय, आणि मागे भिंतीसारखा उभा मॉनिटर. आईने प्रत्येकाला गंध लावलं, कुंकू लावलं, शेवंतीची माळ घातली. परत करायची मुदत दहा दिवसांची होती आणि ती पूजेच्या दोन दिवस आधी संपली, हे माझ्या लक्षातही आलं नाही. हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा लोक डोळे पुसेपर्यंत हसले.

विजयादशमीला सगळं म्हैसूर दसऱ्याच्या मिरवणुकीला गेलं आणि आम्ही जमिनीवर चटई घालून बसलो. अप्पा स्क्रू एकेका वाटीत मापाप्रमाणे ठेवत होते. प्रोसेसर बसवताना मी श्वास रोखला होता, त्यांनीही. दोन तासांनी कॉम्प्युटर सुरू झाला, आणि जाजमाची फाईल डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडली. आई "अय्यो!" म्हणून टाळ्या वाजवायला लागली. अप्पा पुढे वाकले.

"हा लाल नव्हे," ते म्हणाले. "हा मातकट दिसतोय. माती कालवल्यासारखा."

मी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरचा रंग मातकट नव्हता. तो गुलाबी होता, चक्क राणी कलर. लग्नातल्या शालूंना असतो तसा.

मला वाटलं, ते दुसरी कुठली फाईल बघताहेत. मग वाटलं, मॉनिटरच बिघडलेला असेल. जुन्या मिणमिणत्या पडद्यावर मी त्यांचं काम कधी नीट निरखून पाहिलंच नव्हतं. आता एवढ्या स्वच्छ उजेडात ते समोर होतं आणि अप्पा त्याला मातकट म्हणत होते. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे, आणि आम्ही दोघी गप्प बसलो.

हे गप्प बसणं समजायचं तर आमचं घर माहीत पाहिजे. आमच्याकडे रंगाचा शब्द अप्पांचा. आई साडी घ्यायला गेली की दुकानदार तिला नाही, अप्पांना विचारतात, "सार, हे मोरपंखी की रामा?" भिंतीचा रंग, पडद्याचा रंग, माझ्या शाळेच्या रिबिनीचा रंग, कशावरही त्यांच्याशी कुणी वाद घातलेला मला आठवत नाही. अशा माणसाला "तुम्हाला चुकीचं दिसतंय" हे सांगायचं कसं? मी मॉनिटरला दोष दिला. "स्वस्तातला आहे ना," मी म्हणाले, "माझंच चुकलं." मग महिनाभर मी त्याच्या सेटिंग्ज फिरवत राहिले आणि अप्पा त्या लालात थोडा थोडा निळा मिसळत राहिले. रंग आणखी राणी होत गेला. रोज सकाळी ते विचारायचे, "आता जवळ आला, अल्वा, हो ना?" आणि मी म्हणायचे, "हो, जवळ आला."

खोटं बोलताना मला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. संध्याकाळी गाड्यांचे दिवे डोळ्यांत घुसतात म्हणून त्यांनी स्कूटर सोडली होती. ट्यूबलाइट मंद झालीय म्हणून दोनदा बदलून घेतली होती. हे सगळं मला दिसत होतं. मी ते जोडून बघत नव्हते एवढंच.

शेवटी अप्पाच म्हणाले, चल, त्या दुकानात जाऊन चांगला मॉनिटर बघू, खर्च झाला तर होऊ दे. मी फाईल पेन ड्राइव्हवर घेतली. दुकानदाराने चार मॉनिटर ओळीने लावले आणि चारींवर तीच फाईल उघडली. चारी पडद्यांवर एकसारखा गुलाबी. अप्पांनी पहिल्याला मान हलवली, दुसऱ्याला हलवली, तिसऱ्याला हलवली. चौथा दुकानातला सगळ्यात महाग होता, छापखानेवाले घेतात तो. अप्पा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"हाही मातकट," ते म्हणाले. "पण हाच द्या. याच्यात काही तरी जमेल."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग तो काउंटरच्या बाहेर आला आणि अगदी हळू म्हणाला, "सार, मॉनिटर सरियागे इदे. कण्णु ओंद्सल तोरसिबिडि." मॉनिटर ठीक आहे, एकदा डोळे दाखवून घ्या. हातातोंडाशी आलेलं मोठं गिऱ्हाईक त्याने सोडलं. त्या माणसाबद्दल मला तेव्हा राग आला, आणि नंतर आयुष्यभराचा आदर.

अप्पा जिना उतरले आणि मी लावलेल्या स्कूटरकडे न जाता सरळ मार्केटमध्ये शिरले. तिथे कुंकवाच्या आणि रंगांच्या राशी लावलेल्या असतात, टोकदार, एका ओळीत. अप्पा एका विक्रेत्यापुढे थांबले. त्यांनी शेजारशेजारच्या दोन राशींकडे बोट दाखवलं.

"हे दोन तपकिरी वेगळे का ठेवलेत?"

विक्रेत्याला प्रश्न कळला नाही. अप्पा माझ्याकडे वळले. "पुट्टी, काय दिसतं तुला? खरं सांग."

"एक तपकिरी आहे," मी म्हणाले. "दुसरा जांभळा आहे, अप्पा."

ते त्या राशीकडे बघत राहिले. लोक आम्हाला ढकलून पुढे जात होते.

"आणि माझा लाल?"

"गुलाबी आहे. राणी."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून मला दिसतोय. त्याच्या आधीचं माहीत नाही."

"शाळेत मुलांच्या चित्रात चुकीचा रंग दिसला की मी त्यांचा हात धरून सांगायचो," अप्पा म्हणाले. "तुला माझा हात धरता नाही आला?"

मला भर बाजारात रडू आलं. धीर झाला नाही, एवढंच म्हणता आलं. अप्पांनी खिशातून रुमाल काढून दिला, मग तो परत मागून घेतला आणि स्वतःचा चष्मा पुसला. आम्ही घरी आलो.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणून सांगितलं, चांगला पिकलेला. भिंग पिवळं पडत जातं तसे निळे, जांभळे रंग हळूहळू अडतात, माणसाला पत्ताही लागत नाही. आधी उजवा डोळा करू, महिन्याने डावा. अप्पांनी एकच प्रश्न विचारला, तो रंगांबद्दल होता. डॉक्टर म्हणाले, उजव्याने आठवड्याभरात बघा.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी निघाल्यावर ते घरी आले आणि दारातच थांबले. "भिंती कधी रंगवल्या?"

"कुठे रंगवल्या? आहेत त्याच आहेत," आई म्हणाली.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझे केस एवढे पांढरे कधी झाले गं?"

"तुमच्यासमोरच झाले की! साकु, पुरे आता, आत या."

आठवड्याने त्यांनी कॉम्प्युटरसमोर बसून डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला आणि फाईल उघडली. मी शेजारी उभी होते, काय होणार ते मला माहीत होतं.

"शी!" अप्पा म्हणाले. मग त्यांनी जुन्या फाईली उघडायला सांगितल्या, वर्षामागून वर्ष मागे जात. प्रत्येक वर्षी लाल थोडा कमी गुलाबी होत गेला. किती वर्षं हे चाललं होतं ते त्या ओळीत स्पष्ट दिसत होतं. सगळ्यात जुन्या फाईलपाशी ते थांबले. तोही तो लाल नव्हता, पण रस्ता तिथून होता. "इथून सुरू करायचं," ते म्हणाले.

तीन सकाळी ते बसले. एका डोळ्यावर रुमाल, मांडीवर जाजमाची विटलेली पट्टी, आणि त्या पट्टीच्या दुमडलेल्या शिवणीत, जिथे ऊन आणि साबण पोचला नव्हता, तिथला दोन धाग्यांचा रंग. ती शिवण त्यांनी ब्लेडने उसवली होती. आधी का नाही उसवली, मी विचारलं. "तेव्हा गरज नव्हती," अप्पा म्हणाले. "तेव्हा मला खात्री होती."

तो सेलमधला मॉनिटर मी पुन्हा मूळच्या सेटिंगवर आणून ठेवला होता. त्याच्यात पहिल्यापासून काहीच खोट नव्हती. आईने त्याच्या कोपऱ्यावर लावलेला कुंकवाचा ठिपका अजून तसाच होता, आणि अप्पा त्याच्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या आईचं कुंकू जांभळट आहे, ते दुकान बदला." त्या दिवशी घरात सगळे पुष्कळ दिवसांनी हसले.

तिसऱ्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर जाजम होतं, अख्खं. वेली, पोपट, कमळं, आणि त्यांच्यातून वाहणारा लाल. डाळिंबाच्या दाण्याहून गडद, आणि आतून उजेड असल्यासारखा. मी आयुष्यभर ज्याची फक्त गोष्ट ऐकली होती तो रंग मी पहिल्यांदा बघत होते.

"काय दिसतं?" अप्पांनी विचारलं.

बाजारातली ती एक वेळ सोडली तर त्यांनी हा प्रश्न कधीच खऱ्या अर्थाने विचारला नव्हता. मी घाईने हो म्हटलं नाही. मी खुर्ची ओढून बसले, उसवलेल्या शिवणीतले दोन धागे पडद्याशेजारी धरले, आणि सावकाश बघितलं.

"जरासा काळपट आहे," मी म्हणाले. "धागा याहून उजळ आहे."

आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. अप्पांनी मान तिरकी केली, धागा बघितला, पडदा बघितला, आणि तीन आकड्यांतला एक आकडा थोडा वाढवला.

"आता?"

"आता तोच आहे."

त्यांनी ते तीन आकडे एका कागदावर लिहिले आणि कागद स्वतःच्या वहीत न ठेवता माझ्या हातात दिला.

"आता तूही बघितलास," अप्पा म्हणाले. "पुढे मी चुकलो तर बोलायचं."